सड्याची हजेरी

हजेरी या शब्दाचा मला राग आहे. शाळेत नव्हता. तिथे नाव पुकारलं की ‘हजर’ म्हणायचं आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायचं. राग आला तो साताऱ्यात नोकरीला लागल्यावर, आणि तोही माणसांच्या हजेरीचा नाही. पाऊस मोजणाऱ्या यंत्रांच्या हजेरीचा.

माझं वय अनुभव सांगण्याचं नाही, हे मला ठाऊक आहे. या अंकात माझ्या शेजारी ज्यांचे लेख असतील ते पेन्शनीत निघालेले असतील. मला तीन पावसाळे झालेत. पण या तीन पावसाळ्यांत मी एकच गोष्ट इतक्या जणांना तोंडी सांगितली आणि ती इतक्यांदा वाया गेली, की आता ती छापूनच यावी असं वाटतं. छापलेल्या शब्दावरचा विश्वास घरातून आला. वडील साताऱ्यातल्या एका छापखान्यात खिळे जुळवतात. संपाची, मोर्चाची, दारूबंदीची, सगळी पत्रकं त्यांच्या हातून जायची आणि एकेक प्रत घरी यायची. मी अक्षरओळख त्यावरच केली. बालवाडीत सगळी मुलं ‘कमळ’ लिहीत होती तेव्हा मला ‘निषेध’ लिहिता येत होतं, तेही ष पोटफोड्या काढून.

इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झाल्यावर एका ठेकेदार कंपनीत लागले. कंपनीचं काम एका सरकारी खात्यासाठी होतं. पाटण खोऱ्यात डोंगरातून येणाऱ्या ओढ्यांवर किती पाऊस पडतो, ते बसल्या जागी साताऱ्यात कळलं पाहिजे आणि साताऱ्याहून फोनने सांगलीला. धरणातून पाणी सोडताना कळवायची सोय वेगळी होती, ती आमच्याकडे नव्हती. आमच्याकडे धरणाच्या खालचं खोरं. त्या ओढ्यांना दार नाही आणि कुलूप नाही. वर कोसळलं की खाली सांगलीला नदी चढते, आणि मधे तयारीला जो वेळ मिळतो तेवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

खोऱ्यात आमची अकरा केंद्रं. केंद्र म्हणजे फार काही नाही. शाळेच्या पत्र्यावर किंवा देवळामागे एक नरसाळं, त्याखाली तराजूसारख्या झुलणाऱ्या दोन वाट्या. एक वाटी पावसाने भरली की पालथी होते, दुसरी वर येते. वाटी पालथी झाली की खालच्या पेटीतला रेडिओ ते कळवतो. पेटीत एक बॅटरी, वर एक सोलरचा पत्रा. वीज नाही, तार नाही. एका गावात शिपायाने नरसाळ्यावर प्लास्टिकचा कागद घट्ट बांधला होता. मी विचारलं तर म्हणाला, “सरकारी वस्तू हाय बाई, भिजली तर मलाच धरतील.” त्या गावात आमच्या माहितीप्रमाणे महिनाभर कडक ऊन होतं.

आता यातली खरी अडचण सांगते. रेडिओचा आवाज सरळ जातो, डोंगराला वळसा घालत नाही. दरीतल्या केंद्राला सातारा दिसत नाही. शिवाय लांब ओरडायला ताकद लागते, अंतर दुप्पट झालं तर ताकद दुपटीने भागत नाही, कितीतरी पट लागते. म्हणून जवळच्याने जवळच्याला सांगायचं, त्याने पुढच्याला. आमचा पुढचा म्हणजे चाफ्याचा सडा. आमच्याकडे डोंगरमाथ्यावरच्या कातळी पठाराला सडा म्हणतात. तिथे एक खांब, एक रेडिओ, एक बॅटरी. अकरा केंद्रं सड्याला सांगणार आणि सडा साताऱ्याला.

लहानपणी वडिलांबरोबर पाटणला जायचे तेव्हा स्टँडसमोर एक चहाचं हॉटेल होतं. खोऱ्यातल्या सगळ्या गावांचे निरोप तिथे यायचे. सभा आहे, सभा नाही, पत्रकं संपली, अमक्याला पकडलं. हॉटेलवाला ते साताऱ्याच्या बसमध्ये कंडक्टरला सांगायचा. गावांतली माणसं दिवसाला एक निरोप द्यायची, पण हा दिवसभर तेच करायचा. एक दिवस त्याने पाटी लावली: ‘येथे निरोप घेतले जाणार नाहीत.’ त्या दिवसापासून खोऱ्यातली सगळी गावं मुकी झाली, प्रत्येक गावात बोलणारी माणसं धडधाकट असताना. बॅटरीवर चालणाऱ्या रेडिओंच्या कामातली सगळ्यात मोठी अक्कल एवढीच आहे, की हॉटेलवाल्याला पाटी लावायची वेळ येऊ द्यायची नाही.

आणि आमच्याकडे नेमकं तेच चाललं होतं. हजेरीमुळे.

आमच्या कार्यालयात एक मोठा बोर्ड होता. त्यावर खोऱ्याचा नकाशा आणि प्रत्येक केंद्राला एक दिवा. सातारा दर दहा मिनिटांनी प्रत्येक केंद्राला हाक मारणार, केंद्र ‘हजर’ म्हणणार, दिवा हिरवा. उत्तर नाही आलं तर लाल. पाऊस असो, ऊन असो, हाक आणि हजर. प्रत्येक हाक सड्यावरून जाणार आणि प्रत्येक हजर सड्यावरून येणार. बोलायला बॅटरी लागते आणि ऐकायला जागं राहायलाही लागते. केंद्रं मधल्या वेळात झोपा काढायची. सडा कधीच झोपायचा नाही. त्यात जून ते सप्टेंबर सड्यावर धुकं असं बसतं की सोलरचा पत्रा नुसता धुऊन निघतो. येणं काही नाही आणि जाणं दिवसरात्र. म्हणजे वर्षातल्या ज्या दिवसांत सड्याची गरज, नेमक्या त्याच दिवसांत सडा अर्धमेला.

मग मी चार्ज केलेली बॅटरी घेऊन वर जायचं. पाटणपर्यंत जीप, पुढे दोन तास चढण. बॅटरी बांबूला बांधून पुढे मी, मागे सुभेदार नाना. नाना म्हणजे सड्याचे राखणदार, फौजेतून निवृत्त, पायथ्याच्या वाडीत राहायचे. माझ्या दोन पंजाबी ड्रेसना ॲसिडची भोकं पडली. नानांचा माझ्यावर जीव होता, पण हजेरीच्या मुद्द्यावर ते आमच्या कार्यालयातल्या साहेबांच्या बाजूचे. पेटीत बोलायचा फोनही होता, आणि नाना रोज सकाळी त्यावर साताऱ्याला सांगायचे, “जयहिंद. चाफ्याचा सडा. सुभेदार हजर. हवा थंड. बाकी सगळं ठीक.” दिवे तर लागतच होते, वर हे.

मी म्हणायचे, “नाना, तुमच्या जयहिंदला बॅटरी जाते.”

“फौजेत जयहिंदला कदी बॅटरी गेली न्हाई.”

“मग नुसतं दिव्याने कळतंय ना तुम्ही आहात ते?”

“दिवा खांबाचा हाय. माझी हजेरी कोन देणार? हजेरीला बोलायचं न्हाई, तर काय शिट्टी मारू?”

एका खंडेनवमीला वर गेले तर नानांनी शस्त्रपूजा म्हणून सोलरच्या काचेवर हळदकुंकवाचं भलं मोठं स्वस्तिक काढलेलं, वर झेंडूचा हार. पावसाळ्यानंतरचं पहिलं चांगलं ऊन पडलं होतं आणि आमचा पत्रा देव झाला होता. पुसायला लागले तर म्हणाले, “आज न्हाई. उद्या पूस.”

नानांचं मी हसण्यावारी नेलं. साहेबांचं नेता आलं नाही.

साहेब वाईट माणूस नव्हते, हे लिहायला हवं. माझ्या आधी एक केंद्र महिनाभर बंद पडलं होतं आणि कुणालाच कळलं नव्हतं. त्याबद्दल भर बैठकीत साहेबांना उभं करून विचारलं गेलं होतं. तेव्हापासून त्यांना गप केंद्राची धास्ती. मी त्यांना म्हटलं, पाऊस पडला तरच केंद्रांनी बोलावं. ते म्हणाले, “आणि जो बोलत नाही तो जिवंत आहे हे मी कशावरून समजायचं?”

मी म्हटलं, “दुसरा डोंगर आहे ना. दिवेमाळावर आपलाच खांब आहे. एक दिवस सड्यावरून, एक दिवस दिवेमाळावरून. दोघांना आराम.”

“दिवेमाळ राखीव आहे.”

“राखीव म्हणजे कधी वापरायचा?”

“सडा बंद पडल्यावर.”

“पाळी आधी लावून दिली तर केंद्रं आपोआप बदलतात. सडा बंद पडल्यावर मात्र प्रत्येक केंद्रावर जाऊन हाताने खटका फिरवावा लागतो, साहेब. अकरा गावं. तोवर पूर येऊन ओसरेल.”

“म्हणून सडा बंद पडू देऊ नका,” साहेब म्हणाले, आणि फाईल पुढे ओढली.

त्या संध्याकाळी मी पत्रक लिहिलं. ‘सड्यावरील अन्याय थांबवा!’ मागण्या चार. वडिलांनी चष्मा सावरत वाचलं आणि म्हणाले, “पत्रकात मागणी एक असावी. चार मागण्या म्हणजे समोरच्याला तीन नाकारायची सोय.” तरी जुळवून दिलं. मी ते कार्यालयात वाटलं. साहेबांनी शेवटपर्यंत वाचलं, एक ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, “हा सडा युनियनमध्ये कधी दाखल झाला?” सगळे हसले. मीही हसले असते, पत्रक दुसऱ्याचं असतं तर.

याच सुमारास मी सांगलीला गेले. आमचा फोन तिथल्या ज्या कचेरीत जायचा, तिथून तो नदीकाठी कसा पोचतो हे मला बघायचं होतं. पोचत नव्हताच, शिपाई सायकल मिळाली की जायचा. मग मी स्वतःच नदीकडे उतरले. अगदी काठाला म्हशींचा एक गोठा होता. मालकीण अक्काताई, पन्नाशीच्या, शेणाने भरलेले हात कमरेवर.

“तू पावसाची बाई व्हय?”

“यंत्रांची.”

“तेच की. गेल्या साली कुटं हुतीस? दोन म्हशी गेल्या माझ्या. एक गाभण हुती.”

मी विचारलं, “म्हशी वर न्यायला वेळ किती लागतो?”

“वाळल्या जिमिनीवर न्हाई लागत. पानी आलं की लागतो. म्हशीला पूर कळत न्हाई बाई. पायाला पानी लागलं की तिला वाटतं डुंबाय सोडलं. आपन वर वढतोय आन ती खुशीत नदीकडं निघालीया. म्हनून म्हशी कोरड्यातच हलवाया पायजेत. पानी दिसलं म्हंजी उशीर झाला.”

एवढ्या पूर-नियंत्रणाच्या बैठका झाल्या, कुणी मला हे सांगितलं नव्हतं. मी तिला सगळी व्यवस्था समजावली. वाट्या, सडा, सातारा. शेजारच्या पिठाच्या गिरणीत फोन होता, त्याचा नंबर घेतला. कचेरीतून नाही आलं तरी मी थेट कळवीन म्हटलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, “आन तुझं यंतर गप ऱ्हायलं तर मी काय समजायचं? पाऊस न्हाई, का यंतर न्हाई?”

साहेबांचाच प्रश्न. साहेबांनी विचारला तेव्हा मला तो भित्रा वाटला होता. हिने विचारला तेव्हा उत्तर द्यावंसं वाटलं आणि ते माझ्याकडे नव्हतं.

परतीच्या एसटीत तासगावपर्यंत मी चिडून बसले होते, पुढे विचार करायला लागले. हजेरी हवी, हे खरं. पण दर दहा मिनिटांनी कशाला? सकाळ-संध्याकाळ पुरे. आणि प्रत्येकाची वेगळी कशाला? वर्गात मॉनिटर सांगतो तसं सड्यानेच सगळ्यांचं गोळा करून एका वाक्यात सांगावं, ‘सगळे हजर, अमका गैरहजर.’ अकरा निरोपांचा एक निरोप. पाऊस आला की मात्र ताबडतोब. वडिलांचं ऐकून या वेळी मागणी एकच केली. साहेब म्हणाले, कल्पना बरी आहे, पण बोर्ड पुण्याच्या माणसाने बनवलाय, दहा मिनिटांत उत्तर नाही आलं तर दिवा लाल होणारच. म्हणजे बोर्डासाठी सडा होता. सड्यासाठी बोर्ड नव्हता.

मग पाहुणे आले.

मुंबईहून कुणी मोठे अधिकारी बोर्ड बघायला येणार होते. पावसाळ्याचे ऐन दिवस, सड्यावर कित्येक दिवस ऊन नाही. आदल्या दिवशी नानांचा आवाज आला, “जयहिंद. बॅटरी धापा टाकतीया.” मी जीप मागितली. जीप पाहुण्यांसाठी धुवायला गेली होती.

पाहुणे बोर्डासमोर उभे राहिले. सगळे दिवे हिरवे. हिरवा दिवा नुसता हिरवा असतो, त्यात बघण्यासारखं काही नसतं. पाहुणे म्हणाले, “हे लाइव्ह आहे ना?” साहेबांनी स्वतः बटण फिरवलं. दहा मिनिटांची हजेरी एका मिनिटावर आली. दिवे लुकलुकायला लागले, दिवाळीच्या माळेसारखे. पाहुणे खूश.

मी साहेबांच्या कानाशी म्हटलं, “सडा बसेल.”

“पाच मिनिटं,” साहेब हसऱ्या तोंडाने म्हणाले.

पाच मिनिटांनी सगळे विश्रामगृहावर जेवायला गेले. बटण तसंच राहिलं. मी ते मागे फिरवायला गेले तर बोर्डाच्या पेटीला कुलूप. पेटीची किल्ली साहेबांच्या खिशात, आणि साहेबांच्या टेबलावरच्या फोनला बाहेरगावच्या नंबरांसाठी जे छोटं कुलूप होतं, त्याचीही तिथेच.

आणि मग खोऱ्यात वाट्या पालथ्या व्हायला लागल्या. आधी वरच्या गावांतून, मग मधल्या, मग सगळीकडून. इतक्या भरभर मी कधी बघितल्या नव्हत्या. मी आकडे जुळवायला बसते न बसते तोच बोर्डावरचे सगळे दिवे एकदम लाल झाले. अकराच्या अकरा. खाली अकरा बॅटऱ्या ठणठणीत, अकरा नरसाळी भरून वाहतायत, अकराही ओरडतायत, आणि ऐकायला वर कुणी नाही. हॉटेलवाल्याने पाटी लावली होती.

विश्रामगृहावर शिपाई धाडला. तो निरोप घेऊन आला, ‘बोर्डाचा फ्यूज बघा.’

मी समोरच्या एसटीडी बूथवर गेले. आधी सांगलीच्या कचेरीत फोन. तिथले गृहस्थ म्हणाले, “पाऊस किती?” म्हटलं, आकडा पुरा नाही, पण वेग भयंकर आहे. “वेग कुठल्या रकान्यात लिहू? आकडा घ्या आणि फोन करा.”

मग गिरणीचा नंबर फिरवला. गिरणीवाला पट्ट्याच्या खडखडाटात ओरडला, “अक्काताई, सातारा!” ती यायला वेळ लागला.

“बोल. पाऊस हाय?”

“माहीत नाही. यंत्रं गप पडलीत.”

“म्हंजी न्हाई.”

“म्हणजे माहीत नाही, अक्काताई. गप पडायच्या आधी सगळीकडून लय जोरात येत होतं.”



“तुला काय वाटतं?”

“मला वाटून काय उपयोग? माझ्याकडे आकडा नाही.”

“आकडा म्हशीस्नी कळत न्हाई गं. सोडू का नगं, तेवढं सांग.”

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. पत्रकाखाली नाव कुणाचं, तर ‘समस्त कामगार’, ‘आपले नम्र’, ‘कृती समिती’. एकट्याची सही नसते. इथे समिती नव्हती. गाभण म्हशी उगाच भर पेठेतून हाकलल्या तर जबाबदार मी, आणि नाही हाकलल्या तरीही मीच.

“सोडा,” म्हटलं.

“पानी न्हाई आलं तर साताऱ्याला यिऊन तुझ्या झिंज्या उपटीन.”

“या.”

परत आले तर साहेब बोर्डाचा फ्यूज बदलत होते. दिवे लालच. त्यांनी वर न बघता विचारलं, “होतात कुठे?” मी सांगितलं. त्यांनी किल्ली काढून बटण दहा मिनिटांवर आणलं. आता त्याला काहीच अर्थ नव्हता.

जीप मिळाली तशी मी बॅटरी घेऊन सड्यावर गेले. नाना धुक्यात खांबाशी उभे. म्हणाले, “हजेरी देता देता गेला बघ बिचारा.” पहिल्यांदाच त्यांनी जयहिंद न करता बॅटरी जोडू दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालयात गिरणीवाल्याचा फोन आला. गोठ्यात छातीभर पाणी होतं. म्हशी रात्रीपासून माळावर, सगळ्या, मोजून. एक पारडू पेठेत कुणाची तरी कोथिंबिरीची पाटी खाऊन गेलं, तो भाजीवाला अक्काताईंशी अजून भांडतोय. मी फोन ठेवला आणि बोर्डाकडे पाठ करून बसले.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण सविस्तर सांगितलं तर माझा आवाज चढतो. खात्याच्या अहवालात आलं की यंत्रणेने नदीकाठच्या नागरिकांना वेळेवर सावध केलं. माझ्या नावापुढे आलं, ‘दुपारच्या सत्रात जागेवर आढळल्या नाहीत, अर्धा दिवस गैरहजर.’ मी त्याविरुद्ध अर्ज केला, तो विचाराधीन आहे. पुढच्या वर्षी सकाळ-संध्याकाळच्या हजेरीची आणि दिवेमाळाच्या पाळीची योजना परिपत्रकाने आली, खाली सही साहेबांची. परिपत्रकात एक ऱ्हस्व-दीर्घ चुकलं होतं. मी ते दुरुस्त करून त्यांच्या टेबलावर ठेवलं.

पूर ओसरल्यावर मी अक्काताईंना भेटायला गेले. कौतुक होईल असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, “आता माझं ठरलंय. तू गप बसलीस की मी म्हशी सोडणार. पाऊस असू दे, नसू दे.”

“अहो, रोज कशा सोडाल?”

“मग रोज सांग की. मला आकडा नगं, हवा नगं. तू हायेस का न्हाईस, एवढंच.”

मी खूप समजावलं. यंत्राला उगाच बोलायला लावणं किती चूक आहे, त्याने काय झालं, सड्याचं काय झालं. त्यांनी सगळं ऐकलं, शेणाची पाटी उचलली आणि म्हणाल्या, “तुला कुटं बॅटरी हाय?”

तेव्हापासून पावसाळ्यात रोज सकाळी, कार्यालयात जायच्या आधी, मी बूथवरून सांगलीच्या गिरणीत फोन करते. पट्ट्याच्या खडखडाटात गिरणीवाला ओरडतो, “अक्काताई, हजेरी!” लांबून त्यांचा आवाज येतो, “हाय का?”

मी “हाय” म्हणते आणि फोन ठेवते.